बिनगोलाची पेस्ट

सोमवार, ३ फेब्रुवारी

ताई,

तू भरलेली दाढ गेली. डावीकडची, खालची, शेवटून दुसरी. शुक्रवारी काढली.

एवढंच कळवायला हे पत्र. दाढ माझी असली तरी आतलं सगळं काम तुझं, म्हणून बातमी तुला देणं भाग आहे. कोणी गेलं की जवळच्यांना कळवतात, तसं.

लगेच आठ्या घालू नकोस. तुझ्या कामात खोट नव्हती. पाव भाजायला ठेवून मी विसरले, त्याची वीट झाली, टाकवेना म्हणून चावत बसले आणि काड्कन आवाज आला. दाढ उभी चिरली, थेट मागच्या मुळापर्यंत. आईला आवाज ऐकू आला नाही, यावरून तो लहान होता असं मात्र समजू नकोस. तिला हल्ली कुकरची शिट्टीही ऐकू येत नाही. मशीन घालून दिलं तर अर्ध्या तासात काढून साखरेच्या डब्यावर ठेवते.

आपल्या डेंटल कॉलेजात बांबूकडे गेले. तूच ठेवलेलं नाव, अजून तसाच उंच आहे, फक्त आता वर थोडा वाकलाय. एक्स-रे उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "हे रूट कॅनॉल कोणी केलंय?"

"का? काही चुकलंय?"

"नऊ वर्षं झाली म्हणता आणि मुळाच्या टोकाला संसर्गाची सावलीसुद्धा नाही. चिरली नसती तर ही दाढ तुम्हाला पुरून उरली असती."

"बहिणीनं केलं," मी म्हटलं. त्यावर तो "अच्छा, त्यांनी" म्हणाला आणि सुई भरायला वळला. कॉलेजात अजून सगळे तुला 'त्या' म्हणतात. माझ्यासमोर तर नक्कीच.

दाढ मी मागून घेतली. "लोणचं घालायचंय का?" त्यानं विचारलं. मी नुसती मान हलवली, कारण अर्धं तोंड बधिर होतं आणि उरलेल्या अर्ध्यानं रडू येईल असं वाटत होतं. दुखत नव्हतं गं. बाटलीत घालून खाली माझ्या खोलीत, जंतूंच्या प्रयोगशाळेत नेली आणि फ्रीजमध्ये ठेवली.

दर रविवारी अकराला तुझा फोन येतो. मी उचलला की तू "आईला दे" म्हणतेस. सहा वर्षांत माझ्या वाट्याला तेवढंच आलं. तरी रविवारी फोनजवळ मीच बसते.

— शेपूट

(हे नाव लावायचा हक्क राहिलाय की नाही, माहीत नाही. शाळेत तुझ्या वर्गाच्या दारापर्यंत मागे मागे यायचे म्हणून तू ठेवलेलं. दुसरं नाव लिहून बघितलं, तर पत्र बिलावरच्या सहीसारखं दिसायला लागलं.)


रविवार, ९ फेब्रुवारी

ताई,

आज फोन आला. तू आईशी बोललीस. पत्र पोचलं की नाही ते कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दाढेचं पुढे काय केलं ते सांगते. तुला आवडणार नाही असं नाही, उलट तू असतीस तर माझ्या हातातून हिसकावून घेतली असतीस. चीर मागच्या मुळात होती, पुढचं मूळ सलग होतं. बाहेरून सगळं निर्जंतुक केलं, पुढचं मूळ चकतीनं कापलं, मधून उघडलं. आत गटापर्चाची ती रबरासारखी गुलाबी काडी आणि तिच्याभोवती तू स्वतः बनवलेली पेस्ट, पिवळट, खडूसारखी घट्ट. भिंतीला इतकी नीट बसलेली की खरवडताना मला वाईट वाटत होतं. तो चुरा घेऊन जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरला आणि प्लेट उबेला इन्क्युबेटरमध्ये ठेवली.

दोन दिवसांनी बघितलं. काही नाही. एक ठिपकासुद्धा उगवला नव्हता.

एका दाढेनं काही सिद्ध होत नाही, हे तू म्हणशील. माझंही तेच म्हणणं आहे. पण मी त्या प्लेटसमोर स्टूल ओढून बसले आणि बघत राहिले, जणू टीव्ही चालू आहे.

तुला आठवत असेल, ही पेस्ट तू पहिल्यांदा माझ्याच तोंडात भरलीस. क्लिनिकमधल्या त्या डगमगत्या खुर्चीवर मला बसवलंस आणि म्हणालीस, "सख्ख्या बहिणीवर प्रयोग करते, म्हणजे माझा किती विश्वास आहे बघ." मी म्हटलं, "पेस्टवर की माझ्यावर?" तू म्हणालीस, "तोंड उघड आणि गप्प बस." दोन्ही एकदम कसं करायचं ते तेव्हाही कळलं नव्हतं.

आता सहा वर्षांपूर्वीच्या त्या मीटिंगबद्दल. कधीतरी लिहायलाच हवं.

तेव्हा चार पेस्ट होत्या आणि चाचणी जी सगळे करतात तीच मी केली. जेलीवर जंतू पसरायचे, जेलीत चार भोकं पाडायची, प्रत्येकात एक पेस्ट भरायची, दोन दिवसांनी बघायचं की भोकाभोवती किती जागेत जंतू मेले. जेवढा मोठा गोल, तेवढी पेस्ट भारी. लवंगतेलाच्या पेस्टचा गोल चौदा मिलिमीटर, दुसरीचा नऊ, तिसरीचा सहा. तुझ्या पेस्टभोवती गोलच नाही. जंतू अगदी भोकाच्या काठाला येऊन टेकलेले. शून्य दिसलं, शून्य लिहिलं. त्यात माझी काय चूक?

पण मी जे बोलले ती चूक होती. सगळा विभाग बसलेला, विभागप्रमुख सर बसलेले, तू पहिल्या रांगेत. आणि मी म्हणाले, "ताईंच्या पेस्टनं जंतूंना मारलं नाही, पंगतीला बसवलं." लोक हसले. तू पण हसलीस, ते मला जास्त आठवतं. त्या हसण्यानंतर तू माझ्याशी एक वाक्य बोलली नाहीस. महिनाभरात दूरच्या कुठल्याशा इस्पितळात नोकरी धरून गेलीस.

त्या विनोदाबद्दल मला माफ कर. सहा वर्षं जिभेवर आहे, उतरत नाही.

— शेपूट


गुरुवार, २० फेब्रुवारी

ताई,

परवाच्या रविवारी आई फोनवर होती आणि मी स्वयंपाकघरात कान टवकारून उभी होते. आई एकदम ओरडली, "अगं, ती विचारतेय, प्लेट किती तास ठेवली होती!"

माझ्या हातातली पळी खाली पडली.

"अठ्ठेचाळीस!" मी ओरडले.

"चाळीस म्हणतेय," आई तुला म्हणाली.

"अठ्ठेचाळीस! आणि नंतर सात दिवस ठेवली, तरी काही नाही, सांग तिला!"

"सात दिवस उपाशी ठेवली म्हणतेय," असं काहीतरी आईनं सांगितलं. तू फोन ठेवलास. मी दिवसभर घरात फिरत राहिले. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागलीय का?" तुला सांगू, सहा वर्षांत तू मला पहिल्यांदा काहीतरी विचारलंस. तास का असेना.

तेव्हा नीट उत्तर देते. सात दिवस ठेवली, स्वच्छ. आणि आणखी एक केलं. उरलेल्या चुऱ्यावर ताजे जंतू सोडले. ते मजेत वाढले! म्हणजे तुझ्या पेस्टमध्ये मारायची ताकद आता शिल्लक नाही. ती घट्ट झाल्यावर काही दिवसांतच गेली असणार, सगळ्याच पेस्टची जाते. पण पहिल्याच आठवड्यात तिनं आतलं काम उरकलं, मग भिंतीला घट्ट बसून वाट अडवली, आणि नऊ वर्षं आत मारावं असं कोणी आलंच नाही. हे लिहिताना मला तुझा चेहरा दिसतो, ओठ दाबून खूश होणारा.

मग चाचणीत शून्य का आलं? हे तुलाही माहीत आहे, मलाही आता सगळी पुस्तकं सांगतात. जेलीतला गोल पेस्ट किती मारते ते दाखवत नाही, ती किती झिरपते ते दाखवतो. लवंगतेल झिरपतं, म्हणून त्याचा गोल मोठा. तुझी पेस्ट चुन्याच्या जातीची, जिथे ठेवली तिथेच राहणारी, आणि तिचा जो थोडा तिखटपणा बाहेर येतो तो जेलीच मारून टाकते. ती जंतूला मारते, पण त्यानं तिला शिवलं तर. दातात काय, भिंतीला चिकटूनच राहायचं असतं! जिचा गोल मोठा ती दातातून झिरपून निघून जाण्याचीही भीती. आपण मोजलं ते नेमकं उलटं होतं.

हे मला कामाचंही झालंय. सर मार्चअखेर विभागाची पुस्तिका छापणार आहेत. त्यात आपल्या जुन्या चाचण्यांचा तक्ता आहे आणि तुझ्या पेस्टपुढे एकच शब्द: निष्प्रभ. ती पुस्तिका शंभर कॉलेजांत जाणार. मी सरांना म्हटलं, त्या ओळीचं परत बघायला हवं. ते म्हणाले, "पुन्हा करून दाखवा, मग बघू."

करून दाखवेन. तू पेस्ट जिच्यावरून करायचीस ती वही इथेच आहे, तुझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात. उघडू का? तू हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही.

— शेपूट


शुक्रवार, ७ मार्च

ताई,

रविवारी तू आईला म्हणालीस, "वही उघड म्हणावं." आईनं या वेळी बरोबर सांगितलं. उघडली. पावडरचं प्रमाण तुझ्या त्या मुंग्यांसारख्या अक्षरात आहे आणि समासात लिहिलंय, 'शेपटीला विचार, जंतू कोणता वापरावा.' ते वाचून मी वही मिटली आणि तीन दिवस उघडली नाही.

पुढे जे लिहितेय ते लिहायला या पत्राचे दोन कागद फाडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात सहा वर्षं पौर्णिमाच आहे.

'शून्य दिसलं, शून्य लिहिलं' असं मागच्या महिन्यात लिहिलं, ते खरं आहे, पण अर्धं. मीटिंग शुक्रवारी होती. आदल्या दिवशी, गुरुवारी, मी दुसरी चाचणी केली होती.

जेलीत शून्य आल्यावर मला चैन पडेना. तुझी पेस्ट इतकी वाईट असणार नाही, हे मला माझी दाढ सांगत होती. म्हणून मी पेस्टचा पातळ थर बशीत लावला आणि जंतूंचा थेंब थेट त्यावर ठेवला. तोच जंतू, जो आपण 'पाहुणा' म्हणायचो, उपाशी ठेवा, कोंडून ठेवा, महिनोन्‌महिने जात नाही. एक तास ठेवून मग धुऊन घेतलं आणि तीन प्लेटवर पसरलं. शेजारी पेस्ट नसलेल्या तीन. दुपारी चारला प्लेट काढल्या त्या आदल्या दिवशी लावलेल्या होत्या, म्हणजे चाचणी बुधवारची, निकाल गुरुवारचा. बघ, अजून तारखा नीट सांगायची सवय सुटत नाही.

पेस्ट नसलेल्या तिन्ही प्लेट जंतूंनी गच्च भरलेल्या होत्या. तुझ्या तिन्ही कोऱ्या.

मी ते वहीत लिहिलं नाही. तिन्ही प्लेट ट्रेमध्ये घालून धुण्याच्या खोलीत, वाफेनं जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हला लावायला ठेवल्या आणि हात धुतले. दुसऱ्या दिवशी उभी राहून ते पंगतीचं बोलले.

का, ते सांगते. दातांची औषधं करणाऱ्या कंपनीनं तुला पाठवलेलं पत्र जेवणाच्या टेबलावर, काचेखाली होतं. 'पेस्टची चाचणी समाधानकारक आल्यास आपण आमच्याकडे रुजू व्हावे.' रोज जेवताना माझ्या ताटाशेजारी ते वाक्य असायचं. तू मला आईच्या गोळ्यांच्या वेळा पाठ करायला लावल्या होत्यास. डोळ्यांत थेंब कसे घालायचे ते दाखवत होतीस. मला कळत होतं तू जाणार. आपण दोघी बिनलग्नाच्या, तुला ते कधी बोचलं नाही आणि मला बोचायचं कारण नव्हतं, कारण घरात तू होतीस. मी पन्नाशीला आलेली बाई, पण तू जाणार म्हटल्यावर पुन्हा तू कॉलेजच्या वसतिगृहात गेलीस तेव्हाची पोर झाले.

मला वाटलं, पेस्ट बुडाली तर तू राहशील. एवढंच. एका फेरीनं काही सिद्ध होत नाही, असं मनाला समजावलं. ती सबब होती. तीन कोऱ्या प्लेट दिसल्यावर कुठलाही माणूस चाचणी पुन्हा करतो. मी त्या धुवायला टाकल्या.

तू राहावीस म्हणून मी तुझं काम मारलं आणि तू त्यामुळेच गेलीस. हे मला रोज सकाळी दोन कप काढताना आठवतं. एक परत ठेवावा लागतो.

माफ कर असं लिहीत नाही. विनोदाची माफी मागितली तेव्हा तूच मनात म्हणाली असशील, एवढ्यावर भागतंय होय हिचं.

— तुझी बहीण


मंगळवार, १८ मार्च

ताई,

दोन रविवार झाले, फोन नाही. आई विचारते. मी म्हणते, लाइन खराब असेल. पहिल्या रविवारी तिनं मानलं. परवा मशीन कानात घालून समोर बसली आणि म्हणाली, "आता सांग."

सगळं सांगितलं. तिनं मशीन कानात नीट दाबून घेतलं. मग म्हणाली, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला बोलू?" आणि मशीन काढून साखरेच्या डब्यावर ठेवलं. संध्याकाळी जेवायला मात्र बोलावलं, तेही "जेवून घे" असं भिंतीकडे बघून.

गेल्या शनिवारी सरांकडे गेले होते. तीन फेऱ्या केल्या त्याचे आकडे नेले. ताजी पेस्ट तासाभरात पाहुण्याला संपवते, तिन्ही वेळा. एक दिवस जुनी, तरी संपवते. सात दिवस जुनी झाली की जोर निम्म्यावर येतो आणि महिन्याभरानंतर काय होतं ते बघायला अजून वेळ आहे. सातव्या दिवसाचा आकडा मला आवडला नाही, पण लिहिला. आता न आवडणारं आधी लिहिते.

सर खूश झाले. "मग ओळ बदलू या, जुनी पद्धत अपुरी होती असं टाकू." किती सोपं होतं! मान डोलवली असती तर तुझं नावही स्वच्छ झालं असतं आणि माझं कृत्यही झाकलं गेलं असतं. मी आकड्यांचे कागद उचलून पुन्हा टेबलावर ठेवले. मग म्हटलं, "पद्धत अपुरी होती, हे खरं आहे. पण बरोबर पद्धतीचा निकाल त्याच आठवड्यात माझ्या हातात होता आणि मी तो लपवला."

त्यांनी चष्मा काढला. "कोणाला माहीत आहे हे?"

"मला. आणि आता बहिणीला."

"मग कशाला सांगताय?" ते खरंच समजून घ्यायला विचारत होते, वाईट माणूस नाही गं तो. मी म्हटलं, "कारण ती ओळ ज्या कॉलेजांत जाईल तिथे माझीही ओळ गेली पाहिजे." पुस्तिकेत आता खाली टीप आहे. मीच लिहिली, दोन वाक्यांची. पहिल्यात तुझा निकाल, दुसऱ्यात मी काय केलं ते, माझ्या पदासकट. बांबूनं वाचून विचारलं, "दुसरं वाक्य गाळलं तर चालणार नाही का?" चालणार नाही, म्हटलं.

खोलीचा चार्ज काढून घेतलाय. एक तारखेपासून मी सामानखोलीत, बाटल्या आणि पावडरी देण्या-घेण्याच्या टेबलावर. सत्तावीस वर्षं त्या इन्क्युबेटरची किल्ली माझ्या कमरेला होती, ती सोमवारी दिली. कमरेला हात जातो आणि काही लागत नाही. पण खोटं नाही सांगत, ते एवढं लागलं नाही. रविवारचा फोन न येणं लागलं.

तू रागावलीस तर रागाव. आईला मात्र फोन कर. मी त्या वेळी बाहेर जात जाईन, वाण्याकडे, कुठेही. अकरा ते बारा मी घरात नसेन, हे तुला लिहून देते.

— तुझी बहीण


शनिवार, ५ एप्रिल

ताई,

तुझं पत्र काल आलं. सहा वर्षांनी आणि सहाच ओळींचं. मी ते दारातच उघडलं आणि दारातच बसले. पोस्टमनला वाटलं कोणी गेलं, तो बिचारा पाणी आणून देऊ का विचारत होता.

तू लिहिलंस: 'त्या गुरुवारी पाचला तुला घरी न्यायला मी खाली आले होते. तू वर गेली होतीस. धुण्याच्या खोलीत ट्रेमध्ये माझ्या खुणेच्या तीन प्लेट होत्या. उजेडाला धरून बघितल्या. शुक्रवारी तू सांगशील म्हणून पहिल्या रांगेत बसले. तू ते बोललीस तेव्हा हसले, कारण दुसरं काय करायचं सुचलं नाही. कंपनीला मी बुधवारीच नकार कळवला होता. आई आणि तू असताना मला कुठे जायचं नव्हतं. मीटिंग झाली की सांगणार होते.'

किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

म्हणजे तू जाणारच नव्हतीस. मी ज्याच्यासाठी एवढं केलं ते माझ्याकडे होतंच, आणि करून मी ते घालवलं. गोळ्यांच्या वेळा तू का शिकवत होतीस, हे मी त्या वेळी विचारलंसुद्धा नाही. तू जातेयस का, एवढा साधा प्रश्न मी एका घरात राहून तुला विचारला नाही. जेवताना काचेखालचं पत्र वाचत राहिले आणि तुला मीठ हवंय का ते विचारत राहिले.

आणि तूही! तुला तीन प्लेट माहीत होत्या, तर तिथेच उभी राहून का नाही म्हणालीस, शेपटे, खोटं बोलतेस? मी तिथल्या तिथे कोसळून खरं सांगितलं असतं. पण तू वाट बघितलीस. मीटिंगभर, मग महिनाभर, मग सहा वर्षं. रविवारी "आईला दे" म्हणायच्या आधी तू क्षणभर थांबायचीस, ते मला दर वेळी ऐकू यायचं. मला वाटायचं लाइनचा दोष आहे. तू मी बोलण्याची वाट बघत होतीस का गं?

तुझ्यावर रागावायचा मला अधिकार नाही, तरी थोडी रागावलेय. राहू दे.

मला तुझी आठवण येते. आजवर हे एकाही पत्रात लिहिलं नाही, सगळीकडे दाढ आणि जेली आणि आकडे लिहिले. मला तुझी आठवण येते. कोणी जिना चढताना पायरी मोजल्यासारखा पाय टाकला की येते. चहा उकळून काळा झाला की येते, कारण तुला तो तसाच लागायचा. माझ्या उजव्या दाढेत आता काहीतरी सळसळतंय आणि मी बांबूला दाखवत नाहीये, कारण तोंड उघड आणि गप्प बस असं म्हणणारं तिथे कोणी नाही.

सामानखोलीवाल्यांना रजा सहज मिळते, हा चार्ज जाण्याचा एक फायदा. पंधरा दिवसांची घेतलीय. आईही येणार म्हणते. गुडघे घेऊन अठरा तासांची गाडी, मी नको म्हटलं तर मशीन काढून ठेवलं आणि पिशवी भरायला घेतली. वीस तारखेला आम्ही निघतोय. तू बोलावलेलं नाहीस, हे मला कळतं.

तुला आम्ही यायला नको असू, तर तसं स्पष्ट कळव. मी तिकिटं परत करेन, आईला काहीतरी सांगेन आणि तुला दोष देणार नाही. पण नको वाटत असेल तरच नको म्हण. मी रडेन म्हणून, आई थकेल म्हणून, घर लहान आहे म्हणून नको म्हणू नकोस. आणि हवं असेल तर हवं म्हण, मी न सांगता ओळखीन असं समजून गप्प बसू नकोस. मला ओळखता येत नाही, ताई. मी तुझ्याशेजारी बसून जेवले आणि मला ओळखता आलं नाही.

उद्या रविवार. अकराला मी घरातच असेन. फोन मी उचलेन आणि आईला देणार नाही.

— शेपूट